थंडीत ट्रेलरचे हवेचे ब्रेक: विदर्भातून उत्तरेला जाणाऱ्या गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. तेवढ्या थंडीतही इथे ब्रेकमधलं पाणी गोठत नाही, त्यामुळे गोठलेला ब्रेक आपल्याकडच्या मिस्त्रीच्या हाताखाली क्वचितच येतो. पण राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातून सरळ श्रीनगरला जातो. कापसाच्या गाठी, तांदूळ, यंत्रसामग्री घेऊन त्याच रस्त्याने वर गेलेल्या गाड्या जम्मू-श्रीनगर घाटातल्या बनिहालच्या आसपास पहाटे उभ्याच राहतात. तिथून आणि निघण्याआधी घरून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घोडा म्हणजे पुढची इंजिनाची गाडी, ट्रेलर म्हणजे मागची. हवेचा दाब बारमध्ये दिला आहे.

१. ब्रेकमध्ये तर नुसती हवा असते. हवा गोठते कशी?

हवा गोठत नाही, तिच्यातलं पाणी गोठतं. पावसाळ्यातल्या ३० अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते, शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम मावते. कंप्रेसर ही हवा आठ-दहा पट दाबतो आणि ती गार होताना पाणी सोडते. ते टाकीच्या तळाला बसतं, पाइपच्या झोळात साचतं, व्हॉल्व्हच्या बारीक भोकांत अडकतं. विदर्भात हे पाणी फक्त गंज आणतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही. जम्मूच्या वर गेल्यावर त्याच पाण्याचा खडा होतो. म्हणजे बर्फ तिकडचा असला तरी पाणी बहुतेक वेळा आपण घरूनच भरून नेलेलं असतं.

२. मग निघण्याआधी इथेच काय काय करून घ्यायचं?

सगळ्यात आधी सगळ्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा (पद्धत प्रश्न ३ मध्ये). मग ड्रायरचा, म्हणजे कंप्रेसरच्या हवेतलं पाणी ओढून घेणाऱ्या भागाचा, फिल्टर डबा बघा. शेवटचा कधी बदलला ते आठवत नसेल तर बदलून टाका. कंपनीने सांगितलेली मुदत साधारण एक ते दोन वर्षांची असते, पण कंप्रेसर तेल फेकत असेल तर डबा सहा महिन्यांतही संपतो. आतल्या दाण्यांवर तेल चढलं की ते पाणी ओढत नाहीत. अशा वेळी नुसता डबा बदलून भागत नाही, कंप्रेसरच्या रिंगा बघाव्या लागतात.

ड्रायरला खाली हीटर आहे का ते पहा. असल्यास त्याचा फ्यूज आणि वायरिंग तपासा. हा हीटर थंडी पडल्यावरच आपोआप चालू होतो. त्यामुळे नागपूरच्या उन्हात तो बंद आहे की बिघडलाय हे हात लावून कळत नाही. मिस्त्रीकडून मीटरने तपासून घ्या.

मग गळती. दाब पूर्ण भरा, इंजिन बंद करा, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडा आणि काट्याकडे बघत बसा. घोडा-ट्रेलर जोडलेला असताना एका मिनिटात पाव बारपेक्षा जास्त उतरलं तर साबणाच्या फेसाने गळती शोधा. पायब्रेक दाबून धरून पुन्हा एकदा मोजा. इथे बारीक गळणारं रबर वर उणे दहाला कडक होऊन जास्तच गळतं. कपलिंगचे रबरी वॉशर तर न बघताच नवे टाका आणि चार जास्तीचे डब्यात ठेवा. एवढ्या स्वस्त वस्तूसाठी बर्फात अडकण्यात काही शहाणपण नाही.

सोबत घ्यायचं सामान: चार लाकडी ठोकळे (दगड नको, बर्फावर दगड घसरतो), एक किलोचा हातोडा, टॉर्च, जाड हातमोजे, एक जास्तीचा हवेचा पाइप, मोठा थर्मास, जुनी गोणपाटं आणि एक जुनी ताडपत्री.

३. टाकीचं पाणी सकाळी काढायचं की रात्री? आणि टाक्या नेमक्या किती?

रात्री. गाडी उभी केल्यावर, टाकी कोमट असतानाच. सकाळपर्यंत थांबलात तर पाण्याचा खडा झालेला असतो. टाकीखालची पाणी सोडायची कडी ओढली तरी काही येत नाही, आणि माणूस समजतो की टाकी कोरडी आहे. हा थंडीतला सगळ्यात फसवा प्रकार.

घोड्याला साधारण तीन-चार टाक्या असतात. कंप्रेसरनंतरची पहिली, म्हणजे ओली टाकी, आधी सोडा. मग बाकीच्या. ट्रेलरची टाकी वेगळी आणि नेमकी तीच विसरली जाते, कारण ती चेसिसच्या आत चिखलाने माखलेली असते आणि तिची कडी कित्येकदा तुटलेली असते. निघण्याआधी कडीला वीतभर तार बांधून टोक बाहेर काढून ठेवा, म्हणजे रात्री बर्फात पालथं पडावं लागणार नाही.

नुसतं एकदा फुस्स करून सोडू नका. आधी हवा येते, मग फवारा, मग धार, आणि धार संपल्यावर पुन्हा कोरडी हवा. तिथपर्यंत कडी धरायची. खाली पुठ्ठ्याचा तुकडा धरा आणि काय पडलं ते टॉर्चने बघा. चार-दोन स्वच्छ थेंब असतील तर ठीक. चहाच्या रंगाचं पाणी म्हणजे टाकी आतून गंजतेय. दुधी, साबणासारखा चिकट गाळ म्हणजे पाण्यात तेल मिसळलंय, कंप्रेसर तेल फेकतोय आणि ड्रायरचा डबाही गेला. काळं दाट तेलच पडलं तर गाडी वर नेण्याआधी कंप्रेसर उघडा.

टाक्या रिकाम्या केल्या की स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारे) आपोआप लागतात आणि हवा भरेपर्यंत सुटत नाहीत. म्हणून ठोकळे आधी लावा आणि त्या रात्री ब्रेक कसा ठेवायचा ते प्रश्न ९ वाचून ठरवा.

४. गाडीला ड्रायर आहे. मग हा रोजचा खटाटोप कशाला?

चांगला ड्रायर असेल तर टाकीतून जवळजवळ काहीच निघत नाही, आणि तेच बघण्यासाठी कडी ओढायची. ड्रायर काम करतो की नाही हे सांगणारं डॅशबोर्डवर काहीच नसतं. टाकीतलं पाणी हाच त्याचा निकाल.

दाब भरला की ड्रायर खालच्या तोंडातून जोरात फुस्स करून साचलेलं पाणी फेकतो. हे तोंड बंद अवस्थेत गोठलं तर पाणी टाक्यांकडे जातं. उघडं गोठलं तर हवा सतत बाहेर जाते आणि काटा चार-पाचच्या वर चढत नाही. दुसऱ्या प्रकारात लोक कंप्रेसरला दोष देतात. आधी ड्रायरच्या खाली कान लावा.

५. घोड्यात हवा पूर्ण भरली, पण ट्रेलर जागचा हालून नाही राह्यला. कुठून सुरुवात करू?

गिअर टाकून ओढू नका. आधी ठोकळे लावा, मग टॉर्च घेऊन एका बाजूने ट्रेलरचे पुशरॉड बघा. पुशरॉड म्हणजे ब्रेक चेंबरमधून (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्यातून) निघून स्लॅकला, म्हणजे ब्रेक फिरवणाऱ्या तरफेला, जोडलेला दांडा. निम्मं उत्तर तो देतो.

हँडब्रेक आणि ट्रेलरची हवा सोडणारा व्हॉल्व्ह मोकळा केल्यावर पुशरॉड आत गेला, तरी चाक फिरत नाही, याचा अर्थ हवेचं काम झालं आहे आणि लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) ड्रमला चिकटलेत. प्रश्न ६ वर जा.

पुशरॉड बाहेरच राहिला तर हवा तिथवर पोचत नाही. आता ट्रेलरच्या टाकीची कडी ओढा. जोरात हवा आली, तर लाल पाइप मोकळा आहे आणि ट्रेलरवरचा व्हॉल्व्ह अडकलाय. हवा आलीच नाही किंवा नुसती सुस्कारली, तर लाल पाइपात, त्याच्या कपलिंगमध्ये किंवा घोड्याच्या व्हॉल्व्हमध्ये अडथळा आहे. कडीच गोठली असेल तर मात्र या खुणेवर विसंबू नका, आधी कडी कोमट करा. पुढचं प्रश्न ७ मध्ये.

एकाच चाकाचा पुशरॉड बाहेर आणि बाकी सगळे आत असतील तर दोष त्या चेंबरमध्ये किंवा त्याच्या पाइपात आहे. बाकी गाडी उकलत बसू नका.

रंगांबद्दल: लाल पाइप ट्रेलरची टाकी भरतो, पिवळा पाइप पायब्रेकचा इशारा नेतो. रंग उडाले असतील तर पायब्रेक दाबल्यावर ज्यात हवा येते तो पिवळा.

६. लायनर ड्रमला चिकटलेत. सोडवायचे कसे?

ओल्या रस्त्यावरून किंवा वितळत्या बर्फातून येऊन गाडी उभी केली, ब्रेक लावला, की लायनर आणि ड्रममधला ओलावा दोन-तीन तासांत चिकट्यासारखा धरतो. हवेचा इथे संबंध नाही.

पुशरॉड आत गेल्याची खात्री करा. हातोड्याने ड्रमच्या बाहेरच्या कडेवर फिरत फिरत हलके ठोके द्या. जोर नको. ड्रम बिडाचा असतो, थंडीत जोरदार घावाने त्याला तडा जातो. चेंबर, पाइप आणि एबीएसच्या वायरवर चुकूनही नाही. मग क्लीनरला बाजूला, ट्रेलरपासून दोन वाव लांब उभं करा. ठोकळे काढा, सर्वात खालच्या गिअरमध्ये अगदी हळू मागे, मग पुढे. बहुतेक वेळा टक्क असा आवाज येऊन चाक सुटतं. क्लीनरने प्रत्येक चाक फिरताना डोळ्यांनी बघायचं. एखादं चाक न फिरता घसरत असेल तर तिथेच थांबा. बर्फावर घसरलेलं चाक ड्रायव्हरला कळत नाही, आणि पुढे डांबर लागलं की शंभर-दोनशे मीटरमध्ये टायर एका जागी घासून कापड दिसायला लागतं.

स्टोव्ह, पेटती चिंधी, गॅसची बत्ती लावू नका. तिथे ग्रीस आहे, टायर आहे, नायलॉनचे पाइप आहेत. उकळतं पाणीही ड्रमवर नको. क्षणभर सुटतं आणि तेच पाणी पुन्हा गोठतं, शिवाय गार बिडावर उकळतं पाणी पडलं की तडा जायची भीती.

चिकटूच नये म्हणून: मुक्कामाच्या शेवटच्या किलोमीटरवर, रस्ता मोकळा आणि सपाट असेल तर हळू वेगात दोन-तीनदा हलका ब्रेक धरून लायनर गरम आणि कोरडे करा.

७. पाइप किंवा व्हॉल्व्ह गोठला असेल तर?

कपलिंग उघडून तोंडात बर्फ किंवा दव आहे का बघा. साधारण निम्म्या वेळा अडथळा तिथेच, जोडाच्या तोंडाशी किंवा पाइपच्या सर्वात खालच्या झोळात असतो. पाइप काढून केबिनमध्ये हीटरजवळ दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग झटकून पाणी काढा. जास्तीचा पाइप सोबत असेल तर सरळ बदला.

ट्रेलरवरच्या व्हॉल्व्हला थर्मासमधल्या गरम (उकळत्या नव्हे) पाण्यात भिजवलेलं गोणपाट गुंडाळा, वरून कोरडं गोणपाट. गार झालं की बदला. पाणी थेट ओतू नका. हवा जाऊ लागली की गोणपाट काढून व्हॉल्व्ह कोरडा पुसा आणि लगेच ट्रेलरची टाकी सोडा. ही शेवटची पायरी गाळली की वितळलेलं पाणी पुढच्या चहापर्यंत पुन्हा गोठलेलं असतं.

ऊन येईपर्यंत थांबणं हाही उपाय आहे. ताडपत्रीने वारा अडवून थांबलात तर लवकर सुटतं.

८. पाइपात स्पिरिट, रॉकेल किंवा डिझेल ओतलं तर लगेच सुटतं म्हणतात. खरं का?

रॉकेल आणि डिझेल कधीही नाही. दोन्हींनी ब्रेकच्या व्हॉल्व्हमधले रबर फुगतात, आणि आठ दिवसांनी भर उतारावर व्हॉल्व्ह अडकतो. रेडिएटरचा कूलंटही नको, त्यानेही व्हॉल्व्ह खराब होतात.

हवेच्या ब्रेकसाठी वेगळं गोठणविरोधी द्रव मिळतं. अगदीच अडलं तर ३०-४० मिली लाल पाइपच्या ट्रेलरकडच्या तोंडात घालून जोडावं. पण हा एका वेळचा इलाज आहे. अशी द्रवं रबर कोरडं करतात आणि ड्रायरमधून गेली तर दाणे खराब करतात, म्हणून ड्रायरच्या आधी कधीच घालू नये. साधं स्पिरिट यातच धरा, आणि त्यात मिथेनॉल असलं तर ते विष आहे. केबिनमध्ये पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची सवय जिवावर बेतते.

९. बर्फात रात्री हँडब्रेक लावून ठेवायचा की मोकळा?

लायनर कोरडे असतील तर लावायचा. ओले असतील, जागा पूर्ण सपाट असेल आणि ठोकळे पक्के असतील तरच ट्रेलरचे ब्रेक मोकळे ठेवायचे. तेव्हाही गाडी गिअरमध्ये आणि निदान दोन धुऱ्यांच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मोकळे ठेवायचे असतील तर टाक्यांमध्ये दाब हवाच, म्हणून पाणी सोडल्यावर इंजिन चालवून पुन्हा भरा. रात्रीतून गळून दाब उतरला की स्प्रिंग ब्रेक लागतीलच, यावर उपाय म्हणजे गळती आधीच काढणं.

उतार असेल तर ब्रेक लावा, सकाळी चिकटले तर चिकटले. प्रश्न ६ मधला अर्धा तास घसरलेल्या ट्रेलरपेक्षा परवडतो.

१०. आमचा ट्रेलर जुना आहे, मागे स्प्रिंग ब्रेक नाहीत. त्याला हेच लागू का?

पाणी काढणं, पाइप, लायनर सगळं तसंच. उभं करणं मात्र उलटं. अशा ट्रेलरवर लाल पाइप सुटला की ट्रेलरच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. म्हणजे ब्रेक हवेच्या जोरावर धरलेला असतो. रात्रीतून ती हवा गळली की ट्रेलर मोकळा. घोडा सोडून ट्रेलर एकटा उभा करताना ठोकळ्यांशिवाय काहीही त्याला धरून नसतं, हे क्लीनरला नीट समजावून सांगा. नव्या ट्रेलरवर काम केलेल्या माणसाला हे हमखास माहीत नसतं.

११. चेंबरच्या मागचा बोल्ट कसून ब्रेक मोकळा करता येतो ना?

येतो. चेंबरच्या बाजूच्या खोबणीत तो बोल्ट असतो. मागचं रबरी बूच काढून बोल्ट आत घालायचा, पाव फेरा फिरवून अडकवायचा आणि हातपान्याने नट कसत स्प्रिंग आवळायची. पण हे फक्त गाडी रस्त्यावरून बाजूला घेण्यापुरतं. बोल्ट कसलेल्या चाकाला हँडब्रेक उरत नाही. सगळी चाकं अशी कसून घाट उतरणारे लोक आहेत, तसं करू नका. आणि चेंबरचा पट्टा रस्त्यावर कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने दाबलेली असते, झाकण सुटलं की माणूस जागीच जातो.

१२. गाडी चालू असताना ब्रेक गोठू शकतो का?

हो, आणि तो जास्त धोक्याचा, कारण दिसत नाही. पिवळा पाइप गोठला तर ट्रेलर आरामात सुटतो, चालतो, फक्त थांबत नाही. सगळा भार घोड्याच्या ब्रेकवर येतो. म्हणून रोज सकाळी निघताना आणि मोठ्या उताराआधी दोन गोष्टी करा. उभ्या गाडीत पायब्रेक दाबून ठेवा आणि क्लीनरला ट्रेलरचे सगळे पुशरॉड बाहेर आले का बघू द्या. मग माणूस चालतो तेवढ्या वेगात, पंधरा-वीस पावलं गेल्यावर, फक्त ट्रेलरचा हँडव्हॉल्व्ह ओढून मागून ओढ जाणवते का बघा.

उलट बाजूने, ब्रेक दाबल्यावर सुटायला उशीर लागत असेल तर लायनर घासत राहतात. चहाला थांबाल तेव्हा प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एक गरम आणि बाकी गार असेल तर तो ब्रेक सुटत नाही. सगळे गरम आणि एकच बर्फासारखं असेल तर तो लागत नाही.

पुशरॉडची चालही बघा. नेहमीच्या ३० नंबरच्या चेंबरला ती ५० मिलिमीटरच्या आत हवी. स्लॅक ऑटोमॅटिक असेल आणि चाल वाढली असेल तर पान्याने आवळून गप्प बसू नका, स्लॅक किंवा त्याचे बुश गेलेले असतात.

१३. बर्फाच्या उतारावर फक्त ट्रेलरचा ब्रेक वापरावा, म्हणजे गाडी सरळ राहते. बरोबर?

नाही. बर्फावर ट्रेलरची चाकं जाम झाली की ट्रेलर बाजूला झोकतो. एक्झॉस्ट ब्रेकही (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) तसाच फसवतो. तो फक्त घोड्याच्या ओढत्या चाकांवर येतो, ती घसरली की मागचा ट्रेलर घोड्याला ढकलून कात्रीसारखा दुमडतो. कोरड्या घाटात एक्झॉस्ट ब्रेकसारखं दुसरं काही नाही, चकाकत्या काळ्या बर्फावर तो बंद ठेवा. खालचा गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका, पायब्रेक हलका, सगळ्या चाकांना सारखा. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरमधल्या सगळ्यात कडक थंडीचे ४० दिवस, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, काश्मीरच्या बाजूला पहाटेचा उतार टाळता आला तर टाळा.

१४. उंचावर हवा भरायला वेळ लागतो. कंप्रेसर गेला का?

लगेच तसं समजू नका. लेहसारख्या साडेतीन हजार मीटरच्या जागी हवा नागपूरच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे कंप्रेसरला तेवढाच दाब भरायला जास्त फेरे लागतात. ट्रेलर जोडलेला असेल तर आणखी. पण काटा भरून थांबत असेल तर ठीक. चढतच नसेल तर प्रश्न ४ मधलं ड्रायरचं तोंड बघा. धोक्याचा दिवा किंवा बझर बंद झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

१५. माझी संत्र्याची पिकअप आहे. यातलं काही मला लागू आहे का?

पिकअपला तेलाचे ब्रेक असतात आणि ब्रेक ऑइल या थंडीत गोठत नाही. मात्र ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. तुम्हाला लागू होणारं एकच: ओले लायनर आणि रात्रभर ओढलेला हँडब्रेक. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तर बहुधा स्वतःचा ब्रेकच नसतो, तो वेगळाच विषय आहे.

१६. ट्रेलर पावसाळाभर शेताच्या बांधावर उभा होता. आता वर न्यायचाय. काय बघू?

कपलिंगची तोंडं उघडी राहिली असतील तर आधी तारेने आतून तपासा. कुंभारीण माशी असल्या भोकात मातीचं घर करतेच, आणि ती माती दाबाने सरळ व्हॉल्व्हमध्ये जाते. तशीच हवा सोडू नका, पाइप दोन्हीकडून काढून फुंकून घ्या. पुढच्या वेळी तोंडं आंधळ्या कपलिंगला अडकवून ठेवा, ते नसेल तर जाड प्लॅस्टिक घट्ट बांधा.

टाकी सोडा, बराच वेळ सोडा. चार महिन्यांचं पाणी एका फुस्समध्ये निघत नाही. मग हवा भरा, पुन्हा सोडा, असं तीनदा. गंजाचा चुरा येत असेल तर टाकीला बाहेरून हलका ठोका देऊन आवाज ऐका. भरीव ठिकाणी टणक वाजतं, पातळ झालेल्या ठिकाणी बसकं. बसकं वाजलं तर टाकी बदला, वेल्डिंग करून घेऊ नका. शेवटी एस-कॅमच्या (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या एस आकाराच्या टोकाच्या दांड्याच्या) निपलमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. कॅमच्या टोकाला, लायनरच्या बाजूला सांडलेलं पुसून काढा.